वेळापत्रकाबाहेरची शाळा

सोलापुरात एखाद्या प्रशालेचे नाव घेतले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शाळेबरोबर एक वस्ती आणि बहुधा एक भाषाही उभी राहते. पद्मशाली शिक्षण संस्थेची कुचन प्रशाला म्हटले की पूर्व भागातली तेलुगूभाषक विणकरांची घरे आठवतात. पानगल अँग्लो उर्दू हायस्कूलच्या नावातच भाषा आहे, आणि ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या संस्थांमागे जैन समाजाचे दातृत्व आहे. हरिभाई देवकरण प्रशाला पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीची, तर सेवासदन मुलींच्या शिक्षणाची ओळख. गिरण्यांनी वाढवलेल्या या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक पोटापाण्यासाठी एकत्र आले आणि पाय टेकण्यापुरती जमीन मिळताच ज्याने त्याने आपल्या मुलांसाठी शाळा काढली. म्हणून इथल्या माणसाला आपल्या शाळेविषयी वाटणारी माया घट्ट असते. पण ही माया बरीचशी जन्माने मिळालेली आहे. मुलांनी खपून, भांडून, एकमेकांना सांभाळून घेऊन जे आपलेपण कमवायचे असते ते वेगळे. ते वेळापत्रकाबाहेरच्या तासांत तयार होते आणि गेली काही वर्षे आपण नेमके तेच तास कापत आलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या हा क्रम महाराष्ट्रातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे, त्यामुळे त्याची किंमत आपल्या लक्षात येत नाही. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी आठवीतली मुलगी शेकडो मुलांसमोर उभी राहून मराठीत बातम्या वाचते, अडखळते, दुसऱ्या आठवड्यात कमी अडखळते. भाषेच्या तासाला हे शिकवता येत नाही, कारण तिथे ऐकणारी शाळा नसते. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर असलेली प्रतिज्ञाही मुळात तेलुगूत, 1962 साली, पैदिमर्री वेंकट सुब्बाराव या विशाखापट्टणमच्या कोषागार अधिकाऱ्याने लिहिली. पूर्व भागातल्या किती मुलांना हे सांगितले जाते? ज्या प्रतिज्ञेसाठी रोज हात पुढे करायचा, ती आपल्या आजीच्या भाषेतून आली आहे हे कळले तर त्या मुलाच्या आवाजात फरक पडेल.

मग मधली सुट्टी, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, शिक्षक रजेवर असल्याने मिळालेला ऑफ तास, मार्चपासून उन्हामुळे भरणारी सकाळची शाळा. पण शाळेचा खरा जीव हिवाळ्यात दिसतो. स्नेहसंमेलन जवळ आले की वर्गातली उतरंड बदलते. गणितात मागे असलेला मुलगा पडदे बांधण्यात पुढे निघतो. निवेदन कोण करणार, नाटकातली म्हातारी कोण होणार, ढोलकी कुणाच्या घरून आणायची यावर वाद होतात आणि ते मुलांनाच मिटवावे लागतात. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, विज्ञान प्रदर्शन आणि क्रीडा स्पर्धा यांतूनही हेच घडते. खो-खो या दृष्टीने फार बोलका खेळ आहे. पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी बसलेल्या गड्याला वेळेवर खो दिल्याशिवाय त्याचे काही चालत नाही. शिवाय शालेय स्पर्धा महापालिका पातळीवर गेल्या की चारही भाषांच्या शाळा एकाच मैदानावर उतरतात. एरवी एका शहरात राहूनही ज्यांची गाठ पडली नसती, अशी मुले तिथे हरतात, जिंकतात, एकमेकांची नावे लक्षात ठेवतात.

यावर पालकांचा आक्षेप असतो, आणि तो पोटतिडकीचा असतो. यंत्रमागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या आईबापांनी मुलांचे गुण पाहायचे की गॅदरिंग? दहावीचा निकालच त्या घराला वर काढणार आहे. हे खरे आहे, आणि या भीतीला कोणीही हलके लेखू नये. तरी हा हिशेब अपुरा आहे. पैसेवाल्या घरातले मूल शाळेबाहेर पोहायला, बुद्धिबळाला, नाट्यशिबिराला जाते. जिच्या एका खोलीच्या घरात आई विड्या वळत बसलेली आहे, त्या मुलीला रंगमंच, मैदान, ग्रंथालय आणि मैत्रिणींसोबत मोकळे बसण्याची जागा फक्त शाळाच देते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कल्याण योजनेतून शिष्यवृत्ती मिळते, पण शिष्यवृत्तीने शिक्षणाच्या खर्चाला हातभार लागतो. चारचौघांत उभे राहण्याची हिंमत तिने येत नाही. म्हणून जादा तासांसाठी खेळाचा तास काढून घेतला जातो तेव्हा सर्वांत मोठे नुकसान गरीब मुलाचे होते. दहावीला खेळाडूंना आणि कलेच्या विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात, ही सोय राहावी. मात्र त्यामुळे प्रमाणपत्रापुरते खेळणारे वाढले असतील, तर त्यावर शाळांनी बोलायला हवे.

हे तास पूर्ण गेले की काय होते, ते अकरावी-बारावीत दिसतेच. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणे क्लासमध्ये, असा ‘इंटिग्रेटेड’ प्रकार राज्यभर रुजला आहे. अशा मुलांना वर्गमित्र असतात, पण महाविद्यालय नसते. परीक्षेच्या हॉलतिकिटावरच त्यांना आपल्या संस्थेचे नाव भेटते. हेच लोण आठवी-नववीपर्यंत खाली यायला वेळ लागणार नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. समाजासमाजांनी काढलेल्या शाळांचा अभिमान वाढवला तर भिंतीच उंच होणार नाहीत का? धोका आहे. वर्षानुवर्षे आपल्याच लोकांत राहणारे मूल दुसऱ्याविषयी ऐकीव माहितीवर जगते. पण यावर अभिमान कमी करणे हा उपाय नव्हे. त्या अभिमानाला शहराच्या अंगणात आणले पाहिजे. सोलापूरकडे त्यासाठी इतर शहरांकडे नसलेला आधार आहे. 1930 साली ब्रिटिशांनी शहरात लावलेल्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे चार वेगवेगळ्या समाजांतले होते. शहराने त्यांचे पुतळे एकत्र उभे केले. आपल्या शाळांचे कार्यक्रम मात्र अजून ज्याच्या त्याच्या पटांगणात होतात.

म्हणून संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. येत्या 12 जानेवारीला, गड्डा यात्रेच्या गर्दीआधी, चारही भाषांच्या शाळांनी हुतात्मा स्मृती मंदिरात एक संयुक्त कार्यक्रम करावा. निवेदन, नेपथ्य, संगीत सारे मुलांच्या मिश्र गटांकडे सोपवावे, आणि दहावीचा वर्ग सरावाच्या नावाखाली त्यातून वगळू नये.