हाली रुपया : छंद की गुंतवणूक?

मुलांनो, आपल्या लोहारा भागात एखाद्या घरच्या जुन्या पेटीत चांदीचा एक रुपया अजूनही सापडतो. त्याच्या एका बाजूला चारमिनारचे चित्र असते. जुनी माणसे त्याला 'हाली' म्हणतात. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे चलन वेगळे होते. इंग्रज सरकारच्या रुपयाला लोक 'कलदार' म्हणत. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा साधारण हिशेब होता. हा दर उगीच ठरला नव्हता. हाली रुपया वजनाला थोडा हलका होता आणि त्यात चांदीही कमी होती.

असा रुपया हाती आला की दोन प्रश्न पडतात. याच्यावर काय लिहिले आहे? आणि याचे किती पैसे येतील? पहिला प्रश्न छंदाचा आहे, दुसरा गुंतवणुकीचा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधणे तुम्हांला इतरांपेक्षा सोपे आहे, कारण नाण्यावरची लिपी तुम्ही रोज वाचता. चारमिनारच्या दारात बारकाईने पाहा. तेथे 'मीम' असेल तर नाणे महबूब अली खान यांच्या काळातील, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांच्या काळातील. नाण्यावर हिजरी सनही असतो. १३४३ हा आकडा दिसला, तर ते नाणे इसवी सन १९२४-२५ मधले समजावे. दुसऱ्या बाजूला 'जुलूस' या शब्दाजवळचा आकडा राज्यारोहणापासूनचे वर्ष सांगतो. मोठमोठ्या संग्राहकांना हे वाचायला दुसऱ्याची मदत घ्यावी लागते!

नाणी वाचल्याने केवढी माहिती मिळते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यात आहे. जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान राजाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. कोण हरला व कोण जिंकला, हे नाण्यांनीच सांगितले. ती वितळवली असती तर चांदी तेवढी उरली असती.

आपल्याच जिल्ह्यात तेर या गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू छंद म्हणून जमवल्या. त्यांत सातवाहन काळातील वस्तू आहेत. आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. जमल्यास ते अवश्य पाहा.

आता पैशाचा प्रश्न. नाणे जुने म्हणजे महाग, असे पुष्कळ लोक समजतात. हे खरे नाही. सातवाहनांची नाणी सुमारे दोन हजार वर्षांची आहेत. पण ती खूप सापडतात, म्हणून त्यांतली बरीच स्वस्त मिळतात. किंमत ठरते ती दुर्मिळतेवर, नाण्याच्या स्थितीवर आणि घेणाऱ्यांच्या संख्येवर. हाली रुपये भरपूर पाडले गेले होते. त्यामुळे साध्या हाली रुपयाला बहुधा चांदीच्या भावाहून फार जास्त मिळत नाही. त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रुपयात चांदी निम्म्यावर आणली होती. शिवाय व्यापारी ज्या भावाने विकतो, त्या भावाने परत घेत नाही. टपाल खात्यातील ठेवीवर व्याज मिळते, पेटीतल्या नाण्यावर मिळत नाही. ज्याला नाण्यांची पारख नाही, त्याने त्यांत बचतीचा पैसा घालू नये, असे मला वाटते.

'शेवटी ७८६ असलेली नोट द्या, लाखो रुपये घ्या', अशा जाहिराती तुम्ही मोबाईलवर पाहिल्या असतील. जरा हिशेब करा. नोटेचा क्रमांक सहा आकडी असतो. म्हणजे दर हजार नोटांमागे एक नोट ७८६ ने संपणारच. मग ती लाखाला कोण घेईल? हे लोक आधी 'नोंदणी शुल्क' मागतात आणि ते मिळताच गायब होतात. जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून लोकांना फसवले जात होते. बँकेने २०२१ मध्ये लोकांना तसे सावध केले. अशा व्यवहारासाठी बँक कोणतेही शुल्क घेत नाही.

घरातले नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासल्याने अक्षरे झिजतात आणि किंमतही उतरते. ते कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर सन, वजन आणि ते कोणाकडून मिळाले, हे लिहा.

शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर मात्र गोष्ट वेगळी. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते लपवणे किंवा परस्पर सोनाराला विकणे हा गुन्हा आहे.