कापराचं तेल काट्यावर

मधमाशीचं मेण २० ग्रॅम, खोबरेल ७९ ग्रॅम, कापराचं तेल १ ग्रॅम. थकलेल्या पोटऱ्यांना चोळायचा आमचा घरगुती मलम एवढाच. मेण आणि खोबरेल उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचं, गॅस बंद करायचा आणि कडेला पांढुरकी साय धरू लागली की मगच कापराचं तेल घालायचं. घाई केली तर वास उडून जातोच, शिवाय ती वाफ ज्योतीवर पेट घेते.

तेल थेंबांनी मोजणं मला पटत नाही. एका ड्रॉपरचा थेंब बारीक, दुसऱ्याचा टपोरा. काट्यावर मात्र एक ग्रॅम तो एकच. तरी मदतीला आलेल्या बायकांचा हात सैल सुटतोच. ‘अगं, वास नको का यायला?’ जास्त झोंबलं म्हणजे जास्त गुण आला, हा समज काही केल्या जात नाही. खरं तर कापूर कातडी थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या नसांना नुसता डिवचतो. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या औषधी मलमांतही कापूर ११ टक्क्यांच्या वर चालत नाही. रोजच्या वापराला एक टक्का पुष्कळ झाला. चेहऱ्याला तर मी तो लावतच नाही.

तेल घ्यायचं ते पांढरं. कापराच्या झाडाचं तेल ऊर्ध्वपातनाने वेगळं करताना तपकिरी आणि पिवळ्या भागात सॅफ्रॉल उतरतं, आणि ते कर्करोगकारक मानलं जातं. पूजेच्या वड्या कुटून घालणारे भेटतात. त्या वड्या जाळण्यासाठी केलेल्या असतात, अंगाला लावण्यासाठी नव्हे.

हमखास मागणी येते ती भेगाळलेल्या टाचांसाठी, आणि नेमकं तिथेच नाही म्हणावं लागतं. चिरलेल्या कातडीतून कापूर पटकन शरीरात शिरतो. त्यांना कापराविना केलेली डबी देते. बाकीच्यांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला जरासा लावून एक दिवस थांबावं. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडूच नये.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाला हा मलम अजिबात लावू नका, आणि बाटली कुलपात ठेवा. हे तेल मुलाच्या पोटात गेलं तर काही मिनिटांतही झटके येऊ शकतात. उलटी काढत बसू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.