शिट्टीवाला खडूस

आमच्या ऑफिसात एकाने मोबाइलला शिट्टीची रिंगटोन लावलीय. परवा भर मीटिंगमध्ये वाजली. बॉस अकराव्या स्लाइडवर, निम्मी जनता पेंगतेय आणि अचानक ती शिट्टी... गोड, निरागस. जरा जास्तच निरागस. "अरे, किल बिल!" दोघं-तिघं एकदम पुटपुटले.

बरोबरच आहे म्हणा. टॅरेंटिनोच्या २००३ च्या 'किल बिल'मध्ये एका डोळ्यावर पट्टी बांधलेली डॅरिल हॅना नर्सच्या कपड्यांत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून हीच शिट्टी वाजवत येते. पण धून त्या सिनेमाची नाहीच मुळी! ती आहे 'ट्विस्टेड नर्व्ह' या १९६८ च्या ब्रिटिश सिनेमातली आणि ती रचणारा माणूस 'किल बिल'च्या अठ्ठावीस वर्षं आधीच गेला. त्याचं नाव बर्नार्ड हरमन. हॉलिवूडमधला एक नंबरचा खडूस संगीतकार, आणि माझा अत्यंत लाडका.

आमची ओळख झाली ती आवाज बंद असताना. हॉस्टेलवर होते तेव्हा. रात्री 'सायको'ची डीव्हीडी लावली, रूममेट झोपलेली, हेडफोनने मान टाकलेली. मग काय, म्यूट करून सबटायटल्सवर सिनेमा. जॅनेट ली चाळीस हजार डॉलर ढापून गाडीतून पळतेय. पाऊस, वायपर, समोरच्या गाड्यांचे दिवे, पुन्हा तिचा चेहरा. मला वाटलं, एवढं काय कौतुक याचं? बाई गाडी चालवतेय, बस्स. दुसऱ्या दिवशी कोणाचे तरी हेडफोन मागून तोच सीन आवाजासकट पाहिला आणि हात गार पडले. तीच बाई, तोच पाऊस. पण आता मागे व्हायोलिनं अशी काही खरडत होती, की काहीतरी भयंकर होणार हे तिच्याआधी मला कळलं होतं. तुम्हीही करून बघा. आधी म्यूट, मग आवाज. पाच मिनिटांचं काम आहे.

हरमन न्यूयॉर्कचा, जन्म १९११ चा. सीबीएस रेडिओवर असताना त्याची गाठ ऑर्सन वेल्सशी पडली. परग्रहवासी आल्याच्या ज्या रेडिओ नाटकाने १९३८ मध्ये ऐकणाऱ्यांना घाबरवलं, त्याचा वाद्यवृंदही हरमननेच सांभाळला होता. मग वेल्सबरोबर 'सिटिझन केन'. पहिलाच सिनेमा आणि तो हा! त्याच वर्षी 'ऑल दॅट मनी कॅन बाय'सुद्धा केला. ऑस्करला दोन्ही नामांकनांत होते, मिळालं दुसऱ्याला. आयुष्यातलं एकमेव. 'व्हर्टिगो', 'सायको' यांना संगीताचं साधं नामांकनही नाही. बोला!

हॉलिवूडचा रिवाज असा, की संगीतकाराने सुरावट द्यायची आणि कुठलं वाद्य काय वाजवणार हे दुसऱ्याने लिहायचं. आपल्या हिंदी सिनेमातही शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर होतेच की. हरमनला हे मान्यच नव्हतं. प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर तो स्वतः लिहायचा. आणि गुणगुणता येईल अशा लांबलचक चालींचं त्याला वावडं. दोन-चार सुरांचा तुकडा घ्यायचा आणि तो फिरवत, घुसळत राहायचा. 'व्हर्टिगो'च्या सुरुवातीला ऐका, सूर नुसते वर-खाली गरगरतात, टेकायला जमीनच मिळत नाही. (त्यामुळे 'ट्विस्टेड नर्व्ह'ची शिट्टी म्हणजे अपवादच. आणि नेमकी तीच आमच्या ऑफिसात पोचली!)

'सायको'साठी त्याने फक्त तंतुवाद्यं घेतली. सिनेमा काळा-पांढरा, तर संगीतही काळं-पांढरं, हा त्याचा हिशोब. सिनेमाभर त्या तारांवर म्यूट लावून आवाज दाबलेला. फक्त शॉवरच्या सीनला म्यूट काढला. म्हणून तो आवाज कानात सुरीसारखा घुसतो. गंमत म्हणजे या सीनला संगीत नकोच, असं हिचकॉकने बजावलं होतं. हरमनने ऐकलं नाही. गुपचूप लिहून ठेवलं आणि सिनेमा काही जमला नाही म्हणून हिचकॉक नाराज असताना ऐकवलं. हिचकॉक लगेच हो म्हणाला, वर आपली सूचनाच चुकीची होती हेही कबूल केलं. असा बॉस मिळायला नशीब लागतं, नाही?

पण सहाच वर्षांनी सीन उलटा झाला. साल १९६६, सिनेमा 'टॉर्न कर्टन'. पॉल न्यूमन, ज्युली अँड्र्यूज. जमाना बीटल्सचा. स्टुडिओला खपणारं, तरुणांना आवडेल असं संगीत हवं होतं आणि हिचकॉकनेही तशीच मागणी केली. हरमनने काय आणावं? सोळा फ्रेंच हॉर्न, बारा बासऱ्या, नऊ ट्रॉम्बोन आणि एकही व्हायोलिन नाही! शिवाय जिथे संगीत नको म्हणून सांगितलेलं, त्या खुनाच्या सीनलाही लिहिलंच. 'सायको'ला चाललं, मग आता का नाही? रेकॉर्डिंग चालू असताना हिचकॉक आला, थोडंसं ऐकलं आणि काम तिथल्या तिथे थांबवलं. सगळ्या वादकांसमोर. 'द ट्रबल विथ हॅरी'पासून अकरा वर्षांची साथ त्या दिवशी संपली. संगीत जॉन अॅडिसनकडून करून घेतलं.

कोण बरोबर? मी हरमनची भक्त, तरी खरं सांगते. ते नाकारलेलं संगीत एल्मर बर्नस्टीनने नंतर रेकॉर्ड केलं, ते मी ऐकलंय. जबरदस्त आहे. पण त्या मिळमिळीत सिनेमाला ते पेललं असतं असं मला नाही वाटत. एवढा गडगडाट झाल्यावर पाऊसही तेवढाच पडायला हवा. हिचकॉकचं मात्र एक चुकलं. वादकांसमोर नको होतं. केबिनमध्ये बोलावून सांगता आलं असतं.

नंतर हरमन लंडनला जाऊन राहिला. चिडचिड वाढली होती, जुनं हॉलिवूड त्याला विसरल्यात जमा होतं. पण त्याच्या सिनेमांवर वाढलेली नवी पोरं दार ठोठावू लागली. आधी ब्रायन डी पाल्मा, मग मार्टिन स्कॉर्सेसी. स्कॉर्सेसीला त्याने आधी झटकलंच, टॅक्सीवाल्यांवर मी संगीत करत नाही म्हणाला. मग पटकथा वाचली. त्यात नायक नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सवर पीच ब्रँडी ओततो. ते आवडलं आणि स्वारी तयार!

'टॅक्सी ड्रायव्हर'चा तो सॅक्सोफोन कधी रात्री उशिरा, शिफ्ट संपवून घरी जाताना ऐका. ओला रस्ता, सिग्नलचे दिवे आणि मागच्या सीटवर आपण एकटेच. सुरावट रोमँटिक आहे, पण तिच्या पोटात काहीतरी सडतंय. मध्येच ड्रम खडखडतो आणि आपण उगाच दाराचं लॉक तपासतो.

हे रेकॉर्डिंग डिसेंबर १९७५ मध्ये लॉस एंजलिसला झालं. २३ तारखेला काम संपलं. हरमन हॉटेलवर गेला, झोपला आणि २४ च्या पहाटे झोपेतच गेला. वय ६४. पुढच्या ऑस्करला 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि डी पाल्माचा 'ऑब्सेशन' अशी त्याची दोन नामांकनं होती. बक्षीस 'द ओमेन'ला गेलं. १९९१ मध्ये स्कॉर्सेसीने 'केप फिअर' नव्याने केला तेव्हा बर्नस्टीनने हरमनचंच १९६२ चं मूळ संगीत वापरलं आणि त्यात हळूच 'टॉर्न कर्टन'चे नाकारलेले तुकडेही मिसळले.

आणि हो, 'टॅक्सी ड्रायव्हर' पाहाल तेव्हा नावं यायला लागली म्हणून उठू नका. अगदी शेवटी तीन सूर येतात. जड, खालचे, गाठ मारल्यासारखे. 'सायको'तलेच ते. मी पहिल्यांदा ओळखले तेव्हा रिमोट हातात तसाच राहिला होता.