आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा

पोरांनो, रॉकेट उडताना कशी आग नि कानठळ्या बसवणारा आवाज असतो, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंयच. आजची गोष्ट मात्र अगदी गुपचूप चालणाऱ्या इंजिनाची.

जपानने ९ मे २००३ रोजी 'हायाबुसा' नावाचं यान सोडलं. जायचं होतं इटोकावा या जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीच्या लघुग्रहावर, तिथली चिमूटभर माती आणायला. यानावर ए, बी, सी, डी अशी चार आयन इंजिनं होती. आत झेनॉन वायू. सूक्ष्मलहरींनी त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवायचा, की उरतो धनभारित आयन. पुढे बारीक भोकांच्या जाळ्या नि हजारभर व्होल्टची ओढ. आयन त्या भोकांतून सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने मागे सुटतात, यान पुढे सरकतं. जोर किती? जपानचं एक येनचं नाणं एक ग्रॅमचं; एका इंजिनाचा रेटा त्याच्या वजनाहूनही कमी! हसू नका. तिथे अडवायला हवा नाही, आणि रेटा महिनोन् महिने चालूच. थेंबे थेंबे वेग साचतो.

यात एक मेख आहे. धनभार सारखा बाहेर गेला, की यानावर ऋणभार साठतो नि सुटलेले आयन माघारी ओढले जातात. म्हणून प्रत्येक इंजिनाला न्यूट्रलायझर जोडलेला असतो. तो मागोमाग इलेक्ट्रॉन सोडून हिशेब चुकता करतो. हा न्यूट्रलायझर लक्षात ठेवा हं.

नोव्हेंबर २००५ मध्ये यान इटोकावावर टेकलं, पण मागे साडेसाती लागली. तोल सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी दोन बंद झालेली, त्यात रासायनिक इंधन गळून गेलं. दीड महिना तर यानाचा पत्ताच नव्हता. सापडल्यावर जपानी पठ्ठ्यांनी झेनॉनचेच फवारे मारून त्याचा तोल सावरला! परतीच्या वाटेवर, नोव्हेंबर २००९ मध्ये, 'डी' इंजिन बंद पडलं. 'सी'चाही भरवसा नव्हता. 'ए'चा न्यूट्रलायझर ठणठणीत, पण आयन सोडणारा भाग बिघडलेला. 'बी'चं नेमकं उलट. मग 'बी'ने आयन सोडायचे आणि 'ए'ने इलेक्ट्रॉन! आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला नि वाट सरू लागली. हे जमलं, कारण इंजिनवाले कुनिनाका हितोशी यांच्या गटाने दोघांना जोडणारा एक चिमुकला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आधीच बसवून ठेवला होता. न जाणो, लागलाच तर! मला विचाराल तर या गोष्टीचा खरा नायक तो डायोडच.

१३ जून २०१० ला यान ऑस्ट्रेलियावरच्या आकाशात जळून गेलं, पण मातीची कुपी पॅराशूटने वूमेराच्या माळावर अलगद उतरली. आत निघाले इटोकावाचे सुमारे १,५०० कण, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. लघुग्रहावरून आणलेली ही जगातली पहिली माती. २०१४ साली 'हायाबुसा-२' निघालं, तेव्हा न्यूट्रलायझर जास्त टिकाऊ करून घेतले होते. त्याने र्‍यूगू लघुग्रहावरून चांगली ५.४ ग्रॅम माती आणली.