हापूसची कोय कुंडीत लावली तर हापूसच येईल का?

मे महिन्यात वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून हापूसची पेटी घरी येते. आंबे संपतात आणि घरातलं कुणीतरी एक कोय धुऊन कुंडीत लावतं. पावसाळ्यात तिला तांबूस पानं फुटतात. फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो आणि खाली हमखास कमेंट येते, "वा, आता घरचा हापूस!"

पण थांबा. त्या झाडाला पुढे आंबे लागलेच, तर ते हापूस नसतील हे जवळपास नक्की. कारण तुम्ही खाल्लेल्या हापूसचं झाड मुळात कोयीपासून वाढवलेलं नव्हतंच. ते क्लोन होतं.

क्लोन म्हणजे नेमकं काय?

कोयीतल्या रोपाला आई आणि बाप दोन्ही असतात. आई म्हणजे ज्या झाडाला आंबा लागला ते झाड. बाप म्हणजे ज्या झाडाचे परागकण माशीने आणले ते. तो शेजारचा रायवळही असू शकतो. दोघांचे गुण मिसळतात आणि तिसरंच झाड तयार होतं. म्हणून तर गावाकडे रायवळाच्या प्रत्येक झाडाची चव वेगळी असते आणि नावही वेगळं असतं, कुणी खोबऱ्या तर कुणी शेप्या.

क्लोनमध्ये हे मिसळणं होत नाही. एकाच जिवाचा भाग घेऊन तसाच दुसरा जीव तयार करायचा, दोघांचा डीएनए सारखाच. उसाची टिपरी लावणं, डाळिंबाची गुटी बांधणं, गुलाबाचा डोळा भरणं हे सगळं क्लोनिंगच आहे.

कोकणात हापूस कसा वाढवतात?

कोय कलमाची पद्धत बघा. आधी रायवळाची कोय रुजवतात. कोंब कोवळा, तांबूस असतानाच त्याचा शेंडा छाटून खोडाला मधोमध चीर देतात. हापूसच्या चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि पट्टी घट्ट बांधतात. काही दिवसांत जोड एकजीव होतो. खाली मूळ रायवळाचं, वर झाड हापूसचं. आंबे वरच्या भागाला लागतात, म्हणून चव हापूसचीच राहते. 'हापूस' हे नाव पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो द अल्बुकर्क यांच्यावरून आलं असं मानतात. इतक्या पिढ्या ही चव टिकली ती कलमांमुळे.

केळीला तर दुसरा मार्गच नाही

आपण खातो त्या केळ्यात रुजणारं बी नसतं. झाडाच्या बुंध्याशी फुटणारे मुनवे काढून लावायचे, हीच जुनी रीत. पण मुनव्यासोबत जुन्या झाडाचा रोगही नव्या शेतात जातो. त्यावर उपाय म्हणून टिश्यू कल्चर आलं. प्रयोगशाळेत कोंबाचा अगदी छोटा तुकडा बाटलीतल्या पोषकद्रव्यावर वाढवतात, त्याचे अनेक कोंब करतात, मुळं फुटली की शेडनेटमध्ये रोपं कणखर करतात आणि मग शेतकऱ्याला देतात. जळगाव जिल्ह्यात १९९० च्या दशकात जैन इरिगेशनने 'ग्रँड नैन' म्हणजे जी-९ ची अशी रोपं आणली. बाग एकसारखी वाढते, घड जवळपास एकाच वेळी कापणीला येतात.

मग जनावरांचं काय?

झाडाच्या छोट्याशा तुकड्यातून पूर्ण झाड होऊ शकतं. गाईच्या कातडीच्या तुकड्यातून गाय होत नाही. प्राण्याच्या शरीरातली पेशी एकदा कातडीची झाली की ती कातडीचंच काम करते.

यावरचा मार्ग असा. मादीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकायचं. ज्या प्राण्याचा क्लोन हवा, त्याच्या पेशीचं केंद्रक त्या अंड्यात घालायचं. विजेचा हलका झटका देऊन दोन्ही जोडायचे. गर्भ वाढू लागला की दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा.

१९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेली डॉली मेंढी अशीच तयार झाली. पण त्यासाठी २७७ अंड्यांवर प्रयत्न झाले आणि जगली ती एकटी डॉली. भारतात हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने ६ फेब्रुवारी २००९ रोजी म्हशीचं पहिलं क्लोन पारडू जन्माला घातलं, पण ते काही दिवसांतच गेलं. जूनमध्ये 'गरिमा' जन्मली. पुढच्या वर्षी जन्मलेल्या 'गरिमा-२' ला २०१३ मध्ये 'महिमा' नावाचं पारडू झालं, तेही कृत्रिम रेतनाने गाभण राहून. २०२३ मध्ये याच संस्थेत गीर गाईची क्लोन कालवड 'गंगा' जन्मली. भरपूर दूध देणाऱ्या जनावरांची संख्या वाढवणं हा हेतू. माणसाच्या अशा क्लोनिंगला मात्र आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे.

गुण तसेच, दोषही तसेच

आता अडचण बघा. वरून सुंदर दिसणारा हापूस कापला आणि आत साका निघाला, हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. साका धरण्याची प्रवृत्ती हापूसच्या जातीतच आहे, त्यामुळे कलमं कितीही बांधली तरी ती सोबत येते. यावर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने संकर केला. नीलम आणि हापूस यांच्यापासून १९८१ मध्ये 'रत्ना' आला, त्यात साका नाही. म्हणजे उत्तर सापडलं ते दोन वेगळी झाडं एकत्र आणल्यावर.

केळीत धोका आणखी मोठा. जगभर विकली जाणारी 'ग्रो मिशेल' ही जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने व्यापारातून जवळपास बाद केली. तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. जी-९ याच गटातली. आता याच रोगाचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात सापडला आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. सगळ्या बागेचा डीएनए एक असला की एक झाड बळी पडतं तिथे उरलेलीही पडू शकतात.

मग कोय लावायची की नाही?

हापूसच हवा असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून कलम घ्या. खोडावरचा जोड नीट बघा आणि जोडाच्या खालून येणारी फूट काढत राहा, नाहीतर रायवळच वाढेल आणि हापूस मागे पडेल.

आणि जागा असेल तर कोयही लावा. तिचं झाड होईल ते रायवळ, आंबट की गोड कुणालाच आधी सांगता येणार नाही. पण साका नसलेला किंवा रोगाला न जुमानणारा उद्याचा आंबा मिळेल तो अशाच वेगवेगळ्या झाडांतून. म्हणून गावातलं जुनं रायवळ तोडायला निघालेल्या काकांना हा लेख नक्की पाठवा.