माहितीपूर्ण मतदान

माहितीपूर्ण मतदान म्हणजे उमेदवार, पक्ष, संबंधित पदाची कामे आणि सार्वजनिक प्रश्न यांची पुरेशी माहिती घेऊन केलेले मतदान होय. मत देण्यापूर्वी अशी माहिती असणे आवश्यक आहे काय आणि ती मिळण्याची जबाबदारी मतदाराची की निवडणूक व्यवस्थेची, हा लोकशाहीविषयक विचारातील जुना वादविषय आहे. भारतीय कायद्याने मताधिकाराला शिक्षणाची किंवा ज्ञानाची अट घातलेली नाही. मात्र उमेदवारांविषयी माहिती मिळण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर परिसरात २०२४ साली सहा-सात महिन्यांच्या अंतराने झालेल्या लोकसभा व विधानसभा निवडणुका या वादाच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण आहेत.

वादाचे स्वरूप

राज्यकारभार जाणकारांच्याच हाती असावा, असा विचार प्लेटोने मांडला होता. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ साली मताधिकाराच्या विस्ताराला पाठिंबा दिला. परंतु अधिक शिकलेल्या नागरिकांना एकाहून अधिक मते असावीत, असेही सुचवले. अमेरिकी तत्त्वज्ञ जेसन ब्रेनन यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असाच युक्तिवाद नव्याने केला. अजाण मतदानाचे परिणाम इतर नागरिकांनाही भोगावे लागतात, हा या पक्षाचा मुख्य मुद्दा आहे.

याच्या उलट बाजूला दोन प्रमुख आक्षेप आहेत. पहिला आक्षेप असा, की ज्ञानाची चाचणी कोणी घ्यावी हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हाती असते, तो तिचा वापर नको असलेल्या मतदारांना वगळण्यासाठी करू शकतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत साक्षरता चाचणीचा उपयोग कृष्णवर्णीय नागरिकांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी झाला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने या चाचण्यांना आळा घातला. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली दाखवून दिले, की लाखो मतांमध्ये एका मताचे वजन अल्प असल्याने सखोल माहिती मिळवण्यात वेळ न घालवणे हे सामान्य मतदाराच्या दृष्टीने तर्कसंगतच ठरते. पुढे सॅम्युएल पॉपकिन यांनी १९९१ साली मांडले, की मतदार पक्ष, चिन्ह, ओळखीच्या माणसांचे मत आणि दैनंदिन अनुभव अशा खुणांच्या आधारे थोड्या माहितीतही विचारपूर्वक निर्णय घेऊ शकतात.

भारतातील पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात मताधिकार मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन आयोगापुढे मताधिकाराच्या प्रश्नावर आपली भूमिका मांडली. ज्यांना शिक्षण नाकारण्यात आले त्यांना अशिक्षितपणाच्या कारणावरून मताधिकारही नाकारणे अन्यायाचे आहे, तसेच मताचा वापर हे स्वतःच राजकीय शिक्षणाचे साधन आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार स्वीकारला. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. त्यामुळे १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी त्याचे चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची, अशी ही पद्धत होती. मतदाराने वाचायला शिकावे, ही अट न ठेवता वाचता न येणाऱ्यालाही निवड करता येईल अशी रचना त्यातून केली गेली. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे किमान वय २१ वरून १८ वर्षे झाले.

कोणत्या माहितीची गरज असते

‘माहिती’ हा शब्द एकसंध नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊस उत्पादकाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. साखर निर्यात व इथेनॉल यांविषयीचे धोरणही केंद्राचे असते. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन किंवा उजनी जलाशयाच्या पाण्याचे वाटप हे सिंचनाचे प्रश्न मुख्यतः राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांचे संचालक मंडळ सभासद निवडतात. एकच शेतकरी अशा प्रकारे खासदार, आमदार आणि संचालक यांच्यासाठी वेगवेगळ्या वेळी मत देतो.

उसाचे बिल केव्हा जमा झाले, कालव्याचे पाणी शिवारात पोहोचले की नाही, जिरायत भागात टँकर किती दिवस चालले, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. अनुभवातून आलेले हे ज्ञान बहुधा पक्के असते. परंतु त्या स्थितीला कोणत्या पदावरील व्यक्ती जबाबदार आहे, हे केवळ अनुभवातून कळत नाही. त्यासाठी अधिकारांच्या वाटणीची माहिती लागते. तिसरा प्रकार मतदान यंत्रासमोर लागणाऱ्या माहितीचा आहे. आपल्याला हवा असलेला उमेदवार कोणत्या नावापुढे व चिन्हापुढे आहे, हे ठाऊक नसेल तर बाकीची सर्व माहिती निष्फळ ठरते.

२०२४ च्या निवडणुका

राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात जुलै २०२३ मध्ये फूट पडली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व ‘घड्याळ’ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले. शरद पवार यांच्या गटाला त्याच महिन्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च रोजी अजित पवार गटाला, घड्याळ चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट असल्याचे वृत्तपत्रांतून जाहीर करण्याचा आदेश दिला. अनेक वर्षे घड्याळाशी परिचित असलेल्या मतदारांना काही आठवड्यांत नवी खूण लक्षात ठेवावी लागली.

बारामती लोकसभा मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी मतदान झाले. सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा १,५८,३३३ मतांनी पराभव केला. याच निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराला ‘ट्रम्पेट’ हे मुक्त चिन्ह मिळाले होते. चिन्हांच्या मराठी यादीत त्याचा उल्लेख ‘तुतारी’ असा असल्याने सुळे यांच्या पक्षाने आक्षेप घेतला होता. या उमेदवाराला १४,९१७ मते मिळाली. बारामतीत त्याचा निकालावर परिणाम झाला नाही. साताऱ्यात मात्र याच पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पराभूत झाले आणि तेथे ट्रम्पेट चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. ही सर्व मते चुकून पडली, असे सिद्ध करता येत नाही. गुप्त मतदानात मतदाराचा हेतू तपासण्याचा मार्ग नसतो.

विधानसभा निवडणुकीपूर्वी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयोगाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचे चित्र यंत्रावर अधिक ठळक करण्याची मागणी मान्य केली. ट्रम्पेट वगळण्याची मागणी मान्य केली नाही. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव मतदारसंघात त्या निवडणुकीत देवदत्त निकम १,५२३ मतांनी पराभूत झाले. त्यांच्याच नावाच्या, ट्रम्पेट चिन्ह असलेल्या अपक्षाला २,९६५ मते मिळाली.

याच वर्षाच्या निकालांची दुसरी बाजू मतदारांच्या विवेकाशी निगडित आहे. लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्रात सुळे यांना सुमारे ४८ हजारांचे, तर इंदापुरात २५ हजारांहून अधिक मतांचे आधिक्य मिळाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बारामतीतून अजित पवार १,००,८९९ मतांनी, तर इंदापुरातून त्यांच्याच पक्षाचे दत्तात्रय भरणे १९,४१० मतांनी विजयी झाले. दोन पदांसाठी वेगळा विचार करण्याची मतदारांची तयारी, असा याचा एक अर्थ लावता येतो. तथापि दरम्यानच्या काळात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना सुरू झाली होती व उमेदवारही बदलले होते. त्यामुळे केवळ आकड्यांवरून मतदारांची कारणे निश्चित करता येत नाहीत.

व्यवस्थेची जबाबदारी

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजीच्या निकालात उमेदवाराची पार्श्वभूमी जाणण्याचा मतदाराचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला आणि १३ मार्च २००३ रोजी तो पुन्हा अधोरेखित केला. त्यानुसार उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, देणी व गुन्हेगारी प्रकरणे यांची माहिती शपथपत्राद्वारे द्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवताना न्यायालयाने राजकीय पक्षांच्या निधीची माहितीही मतदारासाठी आवश्यक मानली.

नामसाधर्म्याचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. २०१४ साली रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले, तेव्हा त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते मिळाली होती. असा गोंधळ टाळण्यासाठी २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापले जाऊ लागले. व्हीव्हीपॅट यंत्रातील चिठ्ठी सात सेकंद दिसते व मतदाराला आपले मत कोणाला गेले याची खात्री करता येते. मात्र चुकीचे बटण दाबले गेले असल्यास ते मत बदलता येत नाही.

मूल्यमापन

माहितीपूर्ण मतदान हा नागरिकाकडून अपेक्षित असलेला गुण आहे. मताधिकाराची पूर्वअट नाही, ही भारतीय व्यवस्थेची भूमिका आहे. २०२४ च्या उदाहरणांत वादग्रस्त ठरलेला गोंधळ हा धोरणांच्या अज्ञानाचा नव्हता, तर नाव व चिन्ह यांच्या साधर्म्याचा होता. कालव्याच्या पाण्याविषयी व उसाच्या दराविषयी पुरेपूर जाणणारा मतदारही अशा साधर्म्यामुळे फसू शकतो, आणि ज्ञानाची कोणतीही चाचणी घेतल्याने तो दोष दूर होत नाही. तो दूर करण्याचे उपाय, म्हणजे चिन्हांची स्पष्ट नावे, ठळक चित्रे, छायाचित्रे व वेळेवर झालेली जनजागृती, हे निवडणूक यंत्रणेच्या हाती असतात. त्यापुढील भाग, म्हणजे कोणत्या कामासाठी कोणाला जाब विचारायचा हे जाणून घेणे, मतदाराचा राहतो.