मोठेपणी एडीएचडी खरेच सुटते का?

७.५ आणि १०.५. वाढत्या वयात मेंदूचा बाहेरचा थर आधी जाड होतो, मग पातळ होऊ लागतो. अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असलेली २२३ व नसलेली २२३ मुले अभ्यासली. या थराचा निम्मा भाग कमाल जाडीला पोचण्याचे मध्यक वय एडीएचडी नसलेल्यांत ७.५ वर्षे निघाले, असलेल्यांत १०.५. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक उशीर कपाळामागच्या भागात होता, जिथून लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे चालते. वाढीचा क्रम मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच होता.

म्हणजे बीदरच्या मैलूरमधली एखादी आई ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणते, त्यात तथ्य आहे. वयाबरोबर या मुलांचीही स्मरणशक्ती, सबुरी, नियोजन वाढते. पण सोबतची मुलेही वाढतच असतात. अंतर बऱ्याचदा उरते. धावपळ, चुळबूळ ओसरते, विसराळूपणा आणि अर्धवट कामे राहतात. वर्गात त्रास न देणारा मुलगा बरा झाला असे आपण फार लवकर धरून चालतो.

२००६ मध्ये संशोधक फॅरोन आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या मुलांचे जुने पाठपुरावे एकत्र मांडले. २५ व्या वर्षी निदानाचे सगळे निकष पुरे करणारे सुमारे १५ टक्के. अंशतः लक्षणे उरलेले धरले तर सुमारे ६५ टक्के. मला १५ पेक्षा ६५ महत्त्वाचे वाटतात, कारण अंशतः लक्षणे असलेल्यालाही नोकरी, हिशेब, संसार सांभाळायचाच असतो. २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात ५५८ मुलांचा १६ वर्षे मागोवा घेतला. टिकाऊ सुधारणा फक्त ९.१ टक्क्यांत दिसली, ६३.८ टक्क्यांत लक्षणे कमीजास्त होत राहिली. एका चांगल्या वर्षावरून उपचार थांबवू नयेत, ते यासाठी.

एडीएचडीच्या प्रमाणाचा जगभरचा अंदाज मुलांमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास; ४० च्या वर्गात दोन. मैलूरसारख्या ठिकाणी घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेल्या मुलाची तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. सूचना न कळणे वेगळे, कळूनही निसटणे वेगळे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेवर १४४१६ ला दोन्ही भाषांत बोलता येते.

मोठ्यांच्या निदानातही बालपण लागतेच: १७ व्या वर्षापासून सहाऐवजी पाच लक्षणे पुरतात, पण त्यातली काही १२ व्या वर्षाआधी दिसलेली हवीत. चाळिशीतल्या माणसाने तपासणीला जाताना जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत, शक्य असल्यास आईलाही.